मुलांचे पियानोशिक्षण आणि घरगुती पियानोवर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात घरच्या घरी पियानोचा वर्ग चालवताना पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, आणि स्वतःचा वर्ग सुरू करू पाहणारे तरुण शिक्षक जे विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. पहिला मोठा भाग पालकांसाठी आहे आणि त्यानंतरचा शिक्षकांसाठी, परंतु दोघांनीही एकमेकांचा भाग वाचावा अशी माझी विनंती आहे.

मुलाने कोणत्या वयात सुरुवात करावी?

माझ्या अनुभवात सहा ते आठ हे वय सर्वांत सोयीचे असते. मात्र वयापेक्षा मी तीन गोष्टी पाहते : मूल वीस मिनिटे एका जागी रमते का, उजवा आणि डावा हात न चुकता ओळखते का, आणि मी टाळ्यांनी वाजवलेला छोटा ठेका ऐकून तसाच परत वाजवते का. हे तिन्ही जमत असेल तर पाच वर्षांचे मूलही शिकू शकते. जमत नसेल तर सहा महिने थांबल्याने काहीही बिघडत नाही. त्या काळात मुलाला भरपूर गाऊ द्यावे. दहाव्या किंवा बाराव्या वर्षी आलेली मुले वाचन लवकर आत्मसात करतात, त्यामुळे 'उशीर झाला का' या काळजीला फारसा आधार नाही.

घरी कोणते वाद्य घ्यावे? खेळण्यातला किंवा लहान कीबोर्ड चालेल का?

पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, त्यांपैकी ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. पहिल्या वर्षात मूल त्यातील निम्म्यांनाही स्पर्श करत नाही, म्हणून ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरेल असे वाटते. अडचण पट्ट्यांच्या संख्येची नसून त्यांच्या वजनाची आहे. पियानोची पट्टी दाबली की आत एक नमद्याचा हातोडा तारेवर आपटतो, आणि आवाज लहान की मोठा हे ती पट्टी किती वेगाने खाली गेली यावर ठरते. पट्टीचा प्रवास अवघा एक सेंटिमीटरच्या आसपास असतो, आणि तेवढ्या अंतरात बोटाने वेगाचे नियंत्रण शिकणे हाच या वाद्याचा गाभा आहे. स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्यांवर हे शिकता येत नाही. वर्षभर तशा कीबोर्डवर सराव केलेले मूल वर्गातल्या पियानोसमोर बसले की त्याचे स्वर अर्धवट उमटतात आणि ते बिचारे गोंधळून जाते. चूक त्याची नसते.

म्हणून माझा आग्रह हॅमर अ‍ॅक्शन (पट्टीला हातोड्याचे वजन देणारी यंत्रणा) असलेल्या, ८८ वजनदार पट्ट्यांच्या डिजिटल पियानोचा असतो. पहिले तीन-चार महिने उसना कीबोर्ड चालेल, पण त्यानंतर नको. अकौस्टिक, म्हणजे खऱ्या तारांचा, पियानो परवडत असेल आणि जागा असेल तर उत्तमच, पण जुना, गंजक्या तारांचा, ट्यूनिंग न धरणारा पियानो केवळ स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. कान घडण्याच्या वयात बेसूर वाद्य हे नसलेल्या वाद्यापेक्षा अधिक नुकसान करते.

बैठकीचाही येथेच विचार करावा. कोपर पट्ट्यांच्या पातळीत यावे इतकी बैठक उंच असावी आणि पाय लोंबकळू नयेत. लहान मुलांचे पाय जमिनीला पोचत नाहीत, तेव्हा त्यांच्या पायाखाली जेवणाचा लाकडी पाट ठेवावा, एक पुरला नाही तर दोन. मराठी घरात याहून चांगले पादासन शोधावे लागत नाही.

आमच्या घरी पेटी आहे. मुलाला थोडी पेटी येते. त्याचा उपयोग होईल का?

होईल, आणि तो बहुतेक पालकांना वाटतो त्यापेक्षा अधिक होईल. आपल्याकडे गायक 'माझी काळी चार', 'तिची पांढरी पाच' असे सहज म्हणतात. म्हणजे पट्ट्यांचा नकाशा आपल्या बोलण्यातच आहे. पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्य सी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प, ही जोडणी मराठी मुलाला एका बैठकीत समजते. ज्या मुलाने आजोबांच्या मांडीवर बसून पेटीवर सा रे ग म काढले आहे, त्याला पट्ट्यांची भीती नसते.

मात्र पेटीची एक सवय सोडवावी लागते. पेटीची पट्टी केवळ हवेची वाट उघडते. आवाज लहान-मोठा करण्याचे काम दुसरा हात भात्याने करतो, त्यामुळे पट्टी हळू दाबा की जोरात, फरक पडत नाही. शिवाय बोटे आडवी, सपाट पडतात आणि अंगठ्याला फारसे काम नसते. पियानोवर हीच बोटे गोलसर हवीत आणि आवाजाची सगळी जबाबदारी त्यांचीच असते. म्हणून पेटी येणाऱ्या मुलाला मी पहिले काही आठवडे एकच स्वर देते आणि तो पाच वेगवेगळ्या आवाजांत, अगदी कुजबुजण्यापासून हाक मारण्यापर्यंत, वाजवायला सांगते. मुलांना हा खेळ फार आवडतो.

मूल शास्त्रीय गायनही शिकते आहे. दोन पद्धतींचा गोंधळ होणार नाही का?

नाही. गायनात सा हलता असतो आणि पियानोवर सी जागचा हलत नाही, एवढा फरक एकदा स्पष्ट सांगितला की मुले दोन भाषा बोलावीत तशी दोन्ही पद्धती वापरतात. पियानोचे स्वर सप्तकाच्या बारा समान भागांत बांधलेले असल्यामुळे गुरुजींनी दाखवलेला एखादा कोमल गंधार पियानोवर हुबेहूब सापडणार नाही, हे मात्र मुलाला प्रामाणिकपणे सांगावे. गाणाऱ्या मुलाचा कान तयार असतो आणि ते आपल्या चुका स्वतः ऐकते. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून संगीत शिकवताना आधी स्वर गाऊन वाचायला शिकवत आणि वाद्य हाती देत ते त्यानंतर. त्याच परंपरेतून तयार झालेले गोमंतकीय वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांचा कणा ठरले, कारण समोर ठेवलेले स्वरलेखन ते पाहताक्षणी वाजवू शकत होते. म्हणून माझ्या वर्गात प्रत्येक नवीन धून आधी गायली जाते.

दोन महिने झाले तरी मूल पुस्तकातले काहीच वाजवत नाही. असे का?

पहिल्या दहा-बारा आठवड्यांत मी पाच रेषांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन जवळजवळ उघडतच नाही. काळ्या पट्ट्यांच्या दोनच्या आणि तीनच्या जोड्या ओळखणे, दोनच्या जोडीमध्ये बसलेला डी सापडणे, अंगठ्याला एक धरून बोटांचे क्रमांक पाठ होणे, मनगट सैल राहणे आणि टाळ्या वाजवत ताल धरणे, एवढे काम या काळात असते. या वयात डोळे कागदाला, बोटे पट्ट्यांना आणि कान स्वराला एकाच वेळी बांधले, तर तिघांपैकी कोणीतरी हात सोडते, आणि तो बहुधा कानच असतो. वाचन सुरू झाल्यावर मी प्रत्येक स्वराचे नाव घोकायला लावत नाही. दोन-तीन खुणेचे स्वर पक्के करून तेथून एक पायरी वर, दोन पायऱ्या खाली असे अंतर वाचायला शिकवते.

पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर लावावेत का?

लावू नयेत. मूल स्टिकर वाचते, पट्ट्या ओळखत नाही.

रोज किती वेळ सराव करावा, आणि कसा?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मूल आठवड्यातून एकदा तीस किंवा पंचेचाळीस मिनिटे माझ्याकडे असते आणि उरलेले सहा दिवस घरी. धडा ही धून शिकण्याची जागा नसून घरी एकट्याने काम कसे करावे हे शिकण्याची जागा आहे, असे मी मानते, आणि माझे सारे अध्यापन या एका समजुतीवर उभे आहे.

वेळ थोडा असला तरी चालेल, पण तो रोजचा हवा. सहा वर्षांच्या मुलाला दहा ते पंधरा मिनिटे, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वीस ते तीस मिनिटे पुरतात. रविवारी सलग दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही, कारण बोटांची हालचाल पक्की होण्यासाठी मधल्या झोपांची गरज असते. वेळ ठरावीक असावी. दूध पिऊन झाल्यावर, शाळेची बस येण्यापूर्वी, दिवेलागणीला, कोणतीही चालेल.

आता कसा, याविषयी. बहुतेक मुले धून पहिल्यापासून वाजवू लागतात, सातव्या ओळीत अडखळतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. अशा रीतीने पहिली ओळ पन्नास वेळा वाजते, अवघड जागा पाचच वेळा, आणि तीही चुकीची. यावर माझा उपाय ठरलेला आहे. समजा सोळा मापांची (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खण) धून आहे. मी वहीत त्यांतील दोनच मापांना चौकट करून देते, शक्यतो सर्वांत अवघड. मुलाने ती दोन मापे आधी मोठ्याने मोजत टाळीने वाजवावीत, मग उजवा हात एकटा, मग डावा हात एकटा, आणि दोन्ही हात एकत्र फक्त तेव्हाच, जेव्हा प्रत्येक हात सलग तीनदा न चुकता वाजला असेल. गती इतकी संथ असावी की चूक होऊच नये. चूक झाली तर गती जास्त होती असे समजावे, मूल दुर्लक्ष करत होते असे समजू नये. तीन बरोबर झाल्याची मोजदाद करायला मी मुलांना तीन चिंचोके देते. एक बरोबर झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे जातो, चुकले की सगळे परत डावीकडे येतात. दुसऱ्या दिवशी या दोन मापांना त्यांच्या आधीची दोन मापे जोडावीत. असे मागून पुढे येत गेले की मूल धून वाजवताना अनोळखी जागेकडून ओळखीच्या जागेकडे जाते, आणि शेवट नेहमी भक्कम राहतो.

सरावाच्या शेवटी पाच मिनिटे मुलाला जे वाटेल ते वाजवू द्यावे. त्यात सुधारणा सुचवू नये.

आम्हा दोघांनाही संगीतातले काही कळत नाही. मदत कशी करावी?

संगीत कळण्याची गरज नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या धड्याला आई, बाबा किंवा आजी यांपैकी एकाने पहिले वर्षभर मागे बसावे, वहीत काय लिहिले आहे ते पाहावे, आणि घरी त्याच व्यक्तीने शेजारी बसून चिंचोके मोजावेत. जपानचे शिनिची सुझुकी यांनी मातृभाषा शिकावी तसे वाद्य शिकवण्याचा जो मार्ग घालून दिला, त्यातही पालकाची उपस्थिती अनिवार्य मानली आहे, आणि या एका बाबतीत मी त्यांची पूर्णपणे अनुयायी आहे. 'चुकलं' हा शब्द मात्र घरात वापरू नये. 'ही ओळ मला पुन्हा ऐकव' असे म्हणावे. आणि पाहुणे आले की मुलाला बोलावून 'काकांना वाजवून दाखव' असा आग्रह करू नये, ही मनापासून विनंती आहे.

ग्रेड परीक्षा द्यायलाच हव्यात का? कोणत्या मंडळाची द्यावी?

द्यायलाच हव्यात असे नाही. भारतात मुख्यतः ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि लंडनचेच, १८८९ मध्ये स्थापन झालेले, असोसिएटेड बोर्ड या दोन मंडळांच्या परीक्षा दिल्या जातात. दोन्हींत इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत टप्पे आहेत. ट्रिनिटीची प्रत्यक्ष परीक्षा १०० गुणांची असून ६० ला उत्तीर्ण, ७५ ला मेरिट आणि ८७ ला डिस्टिंक्शन मिळते. असोसिएटेड बोर्डाची परीक्षा १५० गुणांची असते आणि तेथे हेच टप्पे १००, १२० आणि १३० वर येतात. बोर्डाच्या सहाव्या ग्रेडपासून पुढे जाण्यासाठी आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिला पर्यायी परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. ट्रिनिटीत अशी अट नाही. पहिल्या पाच ग्रेडपर्यंत ट्रिनिटी साइट रीडिंग (नवे स्वरलेखन पाहताक्षणी वाजवणे), ऑरल (ऐकून ओळखणे), उत्स्फूर्त वादन आणि संगीतज्ञान यांतून कोणतेही दोन निवडू देते, म्हणून ज्या मुलाला स्वतः काही रचायला आवडते त्याला मी तिकडे नेते.

परंतु माझी भूमिका स्पष्ट आहे. वर्षभर केवळ परीक्षेच्या तीन रचना घोटलेले मूल प्रमाणपत्र मिळवते, पण त्याला चौथी रचना स्वतः वाचून वाजवता येत नाही. अशी मुले दुसरीकडून माझ्याकडे आली आहेत. चौथ्या ग्रेडचे प्रमाणपत्र हातात आणि पहिल्या ग्रेडची नवीन ओळ वाचताना डोळ्यांत पाणी. म्हणून एका परीक्षेनंतर किमान वर्षभर मी दुसरी परीक्षा ठेवत नाही, आणि त्या वर्षात सोप्या अशा वीस-पंचवीस रचना वाचून घेते.

दहावीचे वर्ष आहे. वर्ग बंद करावा का?

पूर्ण बंद करू नये. पंधरा दिवसांतून एक धडा, घरी रोज दहा मिनिटे, परीक्षा नाही, नवीन अवघड रचना नाही, अशी सवलत मी देते. जे विद्यार्थी असे सांभाळून राहिले ते मार्चनंतर सहज परतले. जे पूर्ण थांबले त्यांतले फार थोडे परत आले.

मूल शिकायला नको म्हणते. जबरदस्ती करावी का?

आधी कारण शोधावे. पुष्कळदा कंटाळ्याचे मूळ एकाच अवघड रचनेत असते आणि ती बाजूला ठेवली की प्रश्न सुटतो. दोन महिने असे प्रयत्न करूनही मूल रडतच येत असेल तर थांबावे, आणि थांबताना त्याला अपराधी वाटू देऊ नये.

पावसाळ्यात पियानोची काळजी कशी घ्यावी?

अकौस्टिक पियानोत दोनशेहून अधिक तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण सुमारे अठरा टनांपर्यंत जातो. हा ताण आतली लोखंडी चौकट पेलते, पण तारांखालचा लाकडी ध्वनिफलक हवेतील दमटपणाने फुगतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये स्वर चढतात आणि थंडीत उतरतात. पावसाळ्याच्या तोंडावर ट्यूनिंग करून घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. दिवाळीनंतर हवा स्थिरावली की एकदा आणि मार्चच्या सुमारास एकदा, असा क्रम महाराष्ट्रातील हवेला मानवतो. पियानो बाहेरच्या भिंतीला, खिडकीखाली किंवा एसीच्या झोतात ठेवू नये. पट्ट्या अडकू लागल्या तर तेल कधीही घालू नये. लाकूड फुगलेले असते, तेलाने ते अधिकच बिघडते. कसर नमदा खाते आणि उंदीर आत घर करतात, तेव्हा वर्षातून एकदा खालची फळी उघडून पाहावे.

आम्ही परदेशात आहोत. मराठीतून ऑनलाइन शिकवाल का?

आठ वर्षांपुढील, किमान एक वर्ष प्रत्यक्ष शिकलेल्या मुलांना शिकवते. आवाज पोचायला लागणाऱ्या विलंबामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही, ही मोठी उणीव आहे. कॅमेरा चेहऱ्यासमोर न ठेवता पट्ट्यांच्या एका बाजूला, थोडा उंचावर ठेवावा, म्हणजे मनगट आणि पाठ दिसते. अगदी नवशिक्या मुलासाठी मात्र जवळचा, समोर बसवून शिकवणारा शिक्षकच शोधावा, भाषा कोणतीही असो.

मला घरी वर्ग सुरू करायचा आहे. किती विद्यार्थी घ्यावेत?

पहिल्या वर्षी आठ ते दहा. प्रत्येक विद्यार्थ्यामागे धड्याइतकाच नव्हे तरी त्याच्या निम्मा वेळ तयारीत आणि पालकांशी बोलण्यात जातो, हे आधी कोणी सांगत नाही. मुले शाळेतून चारनंतर येतात आणि आठपर्यंत घरी जायला हवीत, म्हणजे दिवसाचे खरे तास चारच. एका वेळी चार-पाच मुलांना हेडफोन लावून बसवण्याची पद्धत मी कधी स्वीकारली नाही. अशा वर्गात शिक्षकाला कोणाचेच वादन पूर्ण ऐकू येत नाही.

शुल्क कसे ठरवावे?

धड्यागणिक घेऊ नये. सुरुवातीची काही वर्षे मी तसे घेतले, आणि एप्रिलमध्ये शाळेच्या परीक्षा, मेमध्ये गावी जाणे, सप्टेंबरात गणपती, अशा कारणांनी वर्षातील तीन महिने उत्पन्न निम्म्यावर येत असे. आता मी सुट्ट्या वगळून वर्षाचे ४२ धडे आधीच दिनदर्शिकेवर मांडते आणि त्यांचे शुल्क बारा समान हप्त्यांत विभागते. धडा मी रद्द केला तर भरून देते. विद्यार्थ्याने आदल्या दिवशी कळवले तर सत्रात दोनदा भरून देते. त्याहून अधिक नाही. हे प्रवेशाच्या वेळी एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. नात्यात कटुता येते ती शुल्काच्या आकड्यामुळे नव्हे, न लिहिलेल्या नियमांमुळे येते.

जीएसटी आणि व्यवसाय कर लागतो का?

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. कला-संस्कृतीशी निगडित छंदस्वरूप प्रशिक्षणाला असलेली सूट जुलै २०२२ पासून व्यक्तीने स्वतः दिलेल्या शिकवणीपुरती मर्यादित झाली आहे, तेव्हा भागीदारी किंवा कंपनी काढण्यापूर्वी सनदी लेखापालाला विचारावे. महाराष्ट्रात स्वयंरोजगार करणाऱ्यांना व्यवसाय कराची नोंदणी असते आणि तो वर्षाला २,५०० रुपये आहे. मिळालेल्या प्रत्येक शुल्काची पावती द्यावी आणि उत्पन्न विवरणपत्रात दाखवावे.

सोसायटीतील शेजारी तक्रार करतील का?

आधी भेटून सांगितले तर सहसा करत नाहीत. निवासी भागासाठी ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र दहापासून सहापर्यंत धरली जाते. पण मी दुपारी दोन ते चार आणि रात्री साडेआठनंतर वर्ग ठेवतच नाही. वाद्य सामायिक भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि त्याखाली जाड सतरंजी घालावी. सोसायटीचे उपविधीही एकदा वाचून घ्यावेत.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत कोणते नियम पाळावेत?

खोलीचे दार उघडे किंवा काचेचे असावे. कोणताही पालक पूर्वसूचना न देता केव्हाही आत येऊन बसू शकेल, हे प्रवेशाच्या वेळीच सांगावे. हाताची ठेवण दुरुस्त करताना आधी विचारावे, आणि शक्यतो स्वतःच्या हातावर दाखवावे. मुलांशी खासगी संदेशांची देवाणघेवाण करू नये. संदेश पालकालाच जावा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि शिक्षकाला ते ठाऊक असायलाच हवे.

पुस्तकांच्या झेरॉक्स वापरल्या तर चालेल का?

नाही. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क टिकतात, त्यामुळे दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या रचना मुक्त आहेत, पण मुलांसाठी आज छापली जाणारी पुस्तके नाहीत. प्रत्येक मुलाने आपले पुस्तक विकत घ्यावे. त्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या खुणा त्याच्याजवळ राहतात.

विद्यार्थ्याला दुसऱ्या शिक्षकाकडे कधी पाठवावे?

त्याला जे हवे ते मला देता येत नाही असे दिसले की लगेच. जॅझ शिकू पाहणारी एक मुलगी मी दोन वर्षे माझ्याजवळ ठेवून घेतली, केवळ ती गुणी होती म्हणून, आणि तिची ती दोन वर्षे मी खर्ची घातली याचे मला आजही वाईट वाटते. आता पाठवताना मी नव्या शिक्षकाला दोन पानांचे पत्र लिहिते : कोणत्या रचना झाल्या, वाचन कोठवर आले, डाव्या हाताचे चौथे बोट कोठे कोसळते, कोणत्या शब्दांनी मूल उमेद धरते आणि कोणत्या शब्दांनी गप्प होते. पत्राची एक प्रत पालकांना देते, आणि सरावाची वही मुलाबरोबर पाठवते.